'पॅथी' म्हणजे उपचार नव्हे: भावनांची ग्रीक मुळं आणि इंग्रजी शब्द

एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.एस्सी., आता स्पर्धा परीक्षेची तयारी. तीन हजार इंग्रजी शब्दांची यादी दोनदा पाठ केली आणि दोनदा विसरले. त्यातही भावनांचे शब्द, म्हणजे सिम्पथी, एम्पथी, ॲपथी, अँटिपथी, एकमेकांत मिसळतात. क्लासमधले एक सर म्हणतात, ग्रीक मुळं शिक, सगळं सुटेल. खरंच सुटतं का? ग्रीक आता कुठे शिकत बसू? आणि ती यादी टाकून देऊ का?

सगळं सुटत नाही. पण तुम्ही ज्या चार शब्दांत अडकला आहात ते आज संध्याकाळपर्यंत सुटतील. त्यासाठी ग्रीक शिकायची गरज नाही. मी पंचवीसेक वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे, आणि मलाही ग्रीक वाचता येत नाही. मला साठ-सत्तर मुळं येतात. त्यातली भावनांची म्हणाल तर दहा-बारा. तेवढी पुरतात. शिवाय मराठी माणसाच्या खिशात त्यातल्या निम्म्या कुलपांच्या किल्ल्या आधीपासून असतात, फक्त त्या किल्ल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवात 'पॅथी'पासूनच करू, कारण हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. 'तुमचा कोणत्या पॅथीवर विश्वास?' असं आपण विचारतो तेव्हा पॅथी म्हणजे उपचारपद्धती असं गृहीत धरतो. इथेच पहिली गाठ बसते. ग्रीक 'पाथोस' या शब्दाचा उपचाराशी संबंध नाही. पाथोस म्हणजे माणसावर जे येतं, जे त्याला सोसावं लागतं, ते. मराठीत याला अगदी जवळचा शब्द 'भोग'. 'काय भोग नशिबी आले' यात दुःख आहे, पण भोग म्हणजे नुसतं दुःख नव्हे, जे जे अनुभवाला येतं ते सगळं. पाथोसही तसाच दुहेरी. एका बाजूला भावना, दुसऱ्या बाजूला आजार. म्हणून सिम्पथी भावनेच्या घरात राहते आणि पॅथॉलॉजी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, पण दोघींचं माहेर एकच.

मग होमिओपॅथी? जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव बनवलं. होमिओ म्हणजे सारखा, पाथोस म्हणजे आजाराचा भोग. निरोगी माणसात जे औषध आजारासारखी लक्षणं उभी करतं तेच त्या आजारावर द्यायचं, असा त्याचा सिद्धांत. म्हणजे शब्दाचा अर्थ 'सारखा भोग'. विरोधकांच्या पद्धतीला त्यानंच 'ॲलोपॅथी', म्हणजे 'वेगळा भोग', असं हिणवणारं नाव ठेवलं. आपण या शब्दांच्या फक्त शेपट्या कापून घेतल्या आणि 'पॅथी म्हणजे उपचार' असं ठरवून टाकलं. ही समजूत डोक्यात पक्की असेल तर सिम्पथी, ॲपथी कधीच उलगडणार नाहीत. ती आधी काढून टाका.

आता तुमचे चार शब्द. 'सिन' म्हणजे सोबत. पुढे 'प' आला की त्याचा 'सिम' होतो, आपल्याकडे सम् आणि पूर्ण मिळून संपूर्ण होतं तसाच. सिम्पथी: दुसऱ्याच्या भोगात सोबत असणं. मराठी सहानुभूती हा शब्दही अवयवशः असाच आहे, सह आणि अनुभूती. 'एन' म्हणजे आत, त्याचा 'एम' होतो. एम्पथी: दुसऱ्याच्या भोगाच्या आत शिरणं. शेजारणीचा मुलगा नापास झाला आणि तुम्हाला वाईट वाटलं, ही सिम्पथी. त्या माउलीला उद्या नातेवाइकांचे फोन घ्यायचे आहेत या कल्पनेनं तुमच्याच पोटात गोळा आला, तर ती एम्पथी. 'अँटि' म्हणजे विरुद्ध. अँटिपथी: कुणाविषयी किंवा कशाविषयी मनात उलटी भावना, मराठीत सरळ 'तिटकारा' म्हणा. राहिली ॲपथी. तिच्यातला 'अ' तर तुमच्या घरचाच. अज्ञान, अशक्त, अरसिक यांतला. ॲपथी म्हणजे अ-भोग; काही वाटतच नाही, कशाचं काही नाही.

आणि हा 'अ' उसना नाही हे लक्षात घ्या. संस्कृत आणि ग्रीक या एकाच जुन्या भाषाकुळातल्या बहिणी. आपल्याकडे व्यंजनापुढे अ आणि स्वरापुढे अन् येतो: अ-ज्ञान, पण अन्-आदर. ग्रीकमध्ये नियम जसाच्या तसा. पाथोसला अ लागतो, 'आल्गोस' म्हणजे वेदना याला अन्, म्हणून ॲनाल्जेसिक. वेदनाशामक गोळ्यांच्या पाकिटावर हा शब्द तुम्ही शंभरदा पाहिला असेल. अनामिक आणि ॲनॉनिमस हे शब्द तर जुळे भाऊ, नामन् आणि ग्रीक 'ओनोमा' यांच्यासकट.

असे आणखी दोन उपसर्ग घ्या. आपला 'सु' आणि ग्रीक 'यू', आपला 'दुस्' किंवा 'दुर्' आणि ग्रीक 'डिस', हे भाऊबंद आहेत. इंग्रजीत यूचं स्पेलिंग ई-यू आणि डिसचं डी-वाय-एस. हे वाय नीट बघा, कारण डिसलाइक, डिसऑनेस्टमधला आय-वाला डिस लॅटिनकडून आला आहे आणि त्याचं काम वेगळं. आता युफोरिया आणि डिसफोरिया ही जोडी घ्या. यातला 'फोर' म्हणजे वाहणं, पेलणं. संस्कृत भृ धातू, भरति, भार, हे त्याचे सख्खे. संस्कृतातल्या भ च्या जागी ग्रीकमध्ये फ येतो, भ्राता तसा 'फ्राटेर'. तर डिसफोरिया म्हणजे अवयवशः काय? दुर्-भर. जे पेलवत नाही ते. 'जगणं दुर्भर झालं' हे मराठी वाक्य ज्याला कळतं त्याला डिसफोरिया पाठ करायची गरज उरत नाही. युफोरिया त्याच्या उलट, सु-भर. इंग्रजीत तो आधी वैद्यकीतला शब्द होता: रोग्याला बरं वाटणं, आजार सुसह्य होणं. आज त्याचा अर्थ आनंदाचा कैफ, आणि बरेचदा थोडा अवाजवी कैफ. निवडणूक जिंकल्यावरचा गुलाल तो युफोरिया.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द वेगळाच. ग्रीकमध्ये 'हेडोनी' म्हणजे सुख, आणि ते येतं 'हेडिस' म्हणजे गोड या शब्दाच्या कुळातून. हेडिस, संस्कृत स्वादु आणि इंग्रजी स्वीट, तिन्ही एकाच मुळाची. (आपल्या स च्या जागी ग्रीकमध्ये ह येतो ही दुसरी खूण. सप्त तसं 'हेप्टा', सम तसं 'होमो'.) हेडोनिझम म्हणजे सुख हेच जगण्याचं ध्येय मानणं. त्याला अन् लावा: ॲनहेडोनिया. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८९६ मध्ये हा शब्द बनवला. एरवी ज्यात सुख वाटायचं त्यात ते न वाटणं, असा त्याचा अर्थ. नैराश्याच्या प्रमुख लक्षणांपैकी हे एक. एकदा वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, मराठीत कसं सांगाल? 'आनंदाचा अभाव', 'सुखशून्यता' अशी पुस्तकी उत्तरं आली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी बोलत नसे, म्हणाली, "मॅडम, आजोबा गेल्यावर आजी म्हणायची, आता कशातच गोडी वाटत नाही." मी खडू खाली ठेवला. तिच्या आजीनं ग्रीकचं नाव ऐकलं नसणार, पण गोडी आणि सुख यांची तीच सांगड तिच्या वाक्यात होती. त्या वर्गातला एकही जण तो शब्द पुढे विसरला नाही.

दुसरा असाच शब्द 'थिमोस': मन, आवेश, आतली ऊर्मी. संस्कृत धूम म्हणजे धूर, तो याचा भाऊ. आपण म्हणतो ना, 'तो आतल्या आत धुमसतोय'? तोच थिमोस. म्हणून डिसथायमिया म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारी सौम्य उदासी, दुस् आणि धूम. सायक्लोथायमिया म्हणजे मनाचे चढउतार पुन्हा पुन्हा होत राहणं. सायक्लो म्हणजे चक्र, हेही नातं खरं. याच घरातला एक शब्द मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात रूढ केला: अलेक्सिथायमिया. अ, मग 'लेक्सिस' म्हणजे शब्द, मग थिमोस. आपल्याला काय वाटतंय ते शब्दांत सांगता न येणं. परीक्षेत तो येईलच असं नाही, पण तुकडे पाडायचा सराव करायला यासारखा शब्द नाही.

इथे एक सावधगिरी. असं नातं जुळायला लागलं की चटक लागते आणि मग जे दिसेल ते संस्कृतशी जोडावंसं वाटतं. एंथुझिॲझम पाहा. एन म्हणजे आत, 'थिओस' म्हणजे देव. आत देव शिरलेली अवस्था, म्हणजे मराठीत अगदी सरळ: अंगात येणं. जत्रेत केस मोकळे सोडून घुमणारी बाई डोळ्यांसमोर आणा, शब्द कायमचा बसतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एंथुझिॲझम हा दूषणाचाच शब्द होता, धर्मवेडानं भारावलेल्यांना उद्देशून वापरायचा. उत्साह हा निरुपद्रवी अर्थ नंतर वरचढ झाला. आता वर्गात हमखास एक जण म्हणतो, "थिओस म्हणजे आपला देवच ना?" नाही. संस्कृत द समोर ग्रीकमध्येही द च्या वळणाचाच ध्वनी येतो, दश तसं 'डेका'. थ येतो तो ध च्या समोर, धूम तसा थिमोस. देवाचा ग्रीक नातेवाईक थिओस नसून झ्यूस, म्हणजे ग्रीकांचा मुख्य देव, आहे. त्याचं षष्ठीचं रूप 'डिओस' पाहिलं की पटतं. म्हणजे अर्थ तोच, ध्वनीही जवळचा, तरी नातं नाही. म्हणून माझा नियम: आठवणीसाठी हवं त्याच्याशी जोडा, पण 'हे एकच आहे' असं छातीठोकपणे सांगण्याआधी व्युत्पत्ती देणारा कोश उघडा.

प्रेम, भीती, द्वेष आणि वेड ही चौकडी तुम्हाला बहुतेक येते, म्हणून भराभर सांगते. 'फिल' म्हणजे प्रेम, ओढ. 'फोबिया' म्हणजे भय. 'मिस' म्हणजे द्वेष. 'मेनिया' म्हणजे वेड. तुम्ही बी.एस्सी. आहात, साबणाच्या रेणूचं एक टोक हायड्रोफिलिक आणि दुसरं हायड्रोफोबिक हे तुम्हाला तोंडपाठ असेल. एक टोक पाण्यावर माया करतं, दुसरं पाण्याला भितं. हायड्रोफोबिया तर रेबीजचंच जुनं नाव, कारण रोगी पाणी पाहून दचकतो; आयुर्वेदात त्याला जलत्रास म्हटलं आहे, शब्दाला शब्द तोच. फिलँथ्रॉपी म्हणजे माणसावरचं प्रेम, त्यावरून परोपकार, दानधर्म. मिसँथ्रोप म्हणजे माणूसघाणा; हा मराठी शब्द इतका नेमका आहे की मी इंग्रजी अर्थ सांगतच नाही. फिलाडेल्फिया शहराच्या नावात फिल आहे आणि 'आडेल्फोस' म्हणजे भाऊ. त्या आडेल्फोसची फोड 'एकाच गर्भातला' अशी होते. म्हणजे सहोदर!

फोबियाचा अर्थ अलीकडे भीतीकडून तिरस्काराकडे सरकला आहे. झेनोफोबिया असलेला माणूस परक्याला पाहून थरथर कापत नाही, तो त्याचा दुस्वास करतो. वाचनाच्या उताऱ्यात ही गफलत नेहमी होते. आणि मेनियाबद्दल एवढंच की तो मन, मति आणि वेदातला मन्यु यांच्याच कुळातला. बिब्लिओफाइल आणि बिब्लिओमेनियाक यांतला फरक मराठी मुलांना पटकन कळत नाही, कारण आपण दोघांनाही 'पुस्तकवेडा' म्हणतो, आणि कौतुकानं म्हणतो. मराठीत वेड हे प्रेमाचंच टोक. इंग्रजीत फाइल हा शहाणा रसिक, मेनियाक मात्र हाताबाहेर गेलेला.

झील आणि जेलस हे दोन शब्द एकत्र शिका. दोन्ही ग्रीक 'झेलोस'चे वंशज. एक तळमळीकडे गेला, दुसरा मत्सराकडे. मुलं विचारतात, एकाच मुळातून इतक्या उलट गोष्टी कशा? मी त्यांना मराठीतली ईर्षा दाखवते. 'तिच्या मनात ईर्षा आहे' म्हटलं तर मत्सर. 'ईर्षेनं अभ्यास केला' म्हटलं तर शाबासकी.

आता सरांच्या 'सगळं सुटेल'बद्दल. सुटत नाही, कारण शब्द जन्मगावी राहत नाहीत. ॲपथीच घ्या. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो या तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी, म्हणजे स्टोइकांनी, 'अपाथेया' हा सद्गुण मानला. मन विकारांच्या तडाख्यातून मोकळं होणं. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या जवळचं काहीतरी. आजची ॲपथी म्हणजे मतदानाला न जाणारा, नळाला पाणी आलं नाही तरी तक्रार न करणारा निरुत्साह. मूळ तेच, पण एका टोकाला ऋषी, दुसऱ्या टोकाला कंटाळलेला नागरिक. पथेटिक म्हणजे एकेकाळी हृदय हेलावणारं. आज कुणाला पथेटिक म्हणालात तर भांडण होईल.

नॉस्टॅल्जियाची गंमत याहून मोठी. 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. शब्द जुना वाटतो, पण प्राचीन ग्रीकांना तो माहीतच नव्हता. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात तो बनवला, आणि रोगाचं नाव म्हणून बनवला. घरापासून दूर गेलेले स्विस तरुण, त्यात परमुलखात भाड्यानं लढणारे सैनिकही आले, घरच्या ओढीनं झुरत, खंगत. म्हणजे सासुरवाशिणीला माहेर आठवून घास उतरत नाही, ती अवस्था. आता मात्र जुनी गाणी ऐकून सुखावणं म्हणजे नॉस्टॅल्जिया, मराठीत स्मरणरंजन. आल्गोस शब्दात आहे, अर्थातली वेदना बरीचशी ओसरली. न्यूराल्जिया (मज्जातंतूची वेदना) आणि मायाल्जिया (स्नायूंची वेदना) यांमध्ये ती अजून शाबूत आहे, कारण ते शब्द डॉक्टरांच्या हातून सुटले नाहीत.

एम्पथीही तशीच अलीकडची. जर्मन 'आइनफ्युलुंग' या शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द म्हणून एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये तो ग्रीक तुकड्यांतून जुळवला. आणि आजच्या ग्रीसमध्ये 'एम्पाथिया' म्हणजे काय? आकस, वैरभाव! अथेन्समध्ये जाऊन 'मला तुमच्याविषयी एम्पाथिया वाटते' म्हणाल तर समोरचा दोन पावलं मागे सरेल. तेव्हा मूळ म्हणजे अर्थ नव्हे. मुळानं अर्थाचा अदमास येतो. गावाची पाटी दिसते, घर विचारत जावंच लागतं.

फसगतीही ठरलेल्या आहेत. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं दोनशे मुळांचा तक्ता भिंतीवर लावला होता. चाचणीत एकानं पाथफाइंडरचा अर्थ लिहिला 'रोग शोधणारा', दुसऱ्यानं हिमोफिलियाचा 'रक्ताची आवड', तिसऱ्यानं मिसअंडरस्टँड म्हणजे 'समजून घेण्याचा द्वेष'. तिघांनीही मी शिकवलं तसंच केलं होतं. चूक तक्त्याची होती, म्हणजे माझी. वाट या अर्थाचा पाथ हा इंग्रजीचा जुना घरचा शब्द, पाथोसशी त्याचं देणंघेणं नाही. मिसटेक, मिसअंडरस्टँडमधला मिस जर्मानिक कुळातला, 'चुकीचं' या अर्थाचा. हिमोफिलियातला फिल आवड दाखवत नाही, कल दाखवतो, रक्त वाहत राहण्याकडे असलेला कल. आणि थिमोस शिकून झाल्यावर कुणीतरी थायरॉइडकडे बोट दाखवतोच. त्यात थिमोस नाही, 'थिरेओस' म्हणजे ढाल आहे, त्या ग्रंथीजवळच्या कूर्चेच्या ढालीसारख्या आकारावरून. तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला.

ग्रीक आणि परका यांतला फरक स्पेलिंगवरून बऱ्यापैकी कळतो. फ साठी पी-एच, क साठी सी-एच, शब्दाच्या पोटात वाय, सुरुवातीला न उच्चारायचा पी: सायकी म्हणजे मन, त्याच्या पी-एस-वाय-सी-एच-ई या स्पेलिंगमध्ये यांपैकी तीन खुणा एकत्र सापडतात. या खुणा दिसल्या की ग्रीक मुळाचा विचार करा. एकही दिसली नाही तर घाई नको. ॲपथीमध्ये फक्त टी-एच आहे, आणि टी-एच तर साध्या इंग्रजी शब्दांतही ढिगानं सापडतो.

उच्चाराचं एक सांगते, कारण मुलाखतीत ते लगेच कानाला लागतं. आपण टेलिपॅथी म्हणताना पॅ वर जोर देतो. इंग्रजीत पॅथीनं संपणाऱ्या शब्दांत जोर शेवटून तिसऱ्या अवयवावर पडतो, आणि पॅ चा नुसता पुसट प होतो. सिम्पथीत सिम वर. अँटिपथीत टि वर, म्हणजे ऐकू येतं 'अँटिपथि'. टेलिपथीत ले वर, 'टलेपथि'. होमिओपथीत ऑ वर. आता सायकोपाथ म्हणा, जोर साय वर. त्याचीच सायकोपथी केली की जोर सरकून कॉ वर जातो, 'सायकॉपथि'. मोठ्यानं दहादा म्हणा, घरच्यांना थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या.

वहीचं म्हणाल तर एका मुळाला एक पान. पानाच्या मध्ये मूळ लिहू नका, तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेला शब्द लिहा. पाथोसच्या पानावर होमिओपॅथी, आल्गोसच्या पानावर ॲनाल्जेसिक, फिलच्या पानावर हायड्रोफिलिक. ओळखीच्या दारातून आत जायचं. मग नवा शब्द भेटला की कोश उघडण्याआधी तुकडे पाडून आपला अंदाज पेन्सिलनं लिहा. नंतर कोशातला अर्थ शाईनं. दोघांत जे अंतर पडेल ते एका ओळीत मराठीत लिहा: 'अंदाज: भावना नसणं. खरं: पर्वा नसणं.' ही तिसरी ओळच लक्षात राहते. तुमचे तीन हजार शब्द दोनदा निसटले कारण यादीत शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये काहीच घडलेलं नव्हतं. मग त्या शब्दासोबत कोणतं शब्दयोगी येतं ते टिपा. सिम्पथी 'फॉर', एम्पथी 'विथ' किंवा 'फॉर', ॲपथी 'टुवर्ड्स', अँटिपथी 'टू' किंवा 'टुवर्ड्स'. गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न अर्ध्या वेळा इथेच अडकतो. आठवड्याला दोन पानं, त्याहून जास्त नको.

या शब्दांची जागा ओळखून वापरा हेही सांगायला हवं. लव्ह, हेट, फिअर, सॅड, ग्लॅड हे रोजचे भावनांचे शब्द ग्रीक नाहीत, इंग्रजीच्या घरचे आहेत. ग्रीक शब्द दवाखान्यात, प्रबंधात, अग्रलेखात शोभतात. निबंधात 'कारल्याविषयी मला अँटिपथी आहे' असं लिहिणारा माझा एक विद्यार्थी होता. व्याकरण बरोबर होतं. मी खाली लिहिलं, 'नुसतं आवडत नाही म्हण.'

ती यादी टाकू नका. उद्या ती घेऊन बसा आणि फक्त पाथ, फिल, फोब, मेनिया, थाय्म, आल्ग, हेडोन, यू आणि डिस असलेल्या शब्दांवर खूण करत जा, बाकीच्यांना हात लावू नका. अशा याद्यांत पहिलाच शब्द बहुधा 'अबेट' असतो. त्यातला अ बघून मोहात पडाल. तो फ्रेंचमधून आला आहे, त्याला सोडा आणि ॲपथीपर्यंत खाली या.